मांडीला पट्टा बांधून केलेला व्यायाम शरीरात काय घडवतो

गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया होऊन सहा आठवडे झाले होते आणि माझी उजवी मांडी डावीपेक्षा नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी उतरली होती. नेरूळच्या ज्या केंद्रात मी व्यायामाला जात होते, तिथल्या फिजिओथेरपिस्टने माझ्या सर्जनशी आधी बोलून घेतले आणि मग एके दिवशी माझ्या मांडीच्या अगदी वरच्या टोकाला, जांघेलगत, बीपीच्या पट्ट्यासारखाच पण त्याहून रुंद असा पट्टा बांधला. घोट्याच्या आतल्या बाजूला तिने गार जेल लावले, त्यावर पेनाएवढा डॉप्लर टेकवला आणि माझ्याच धमनीतून वाहणाऱ्या रक्ताचा ‘फुस्स, फुस्स’ असा आवाज खोलीभर येऊ लागला. ‘‘आता ऐकत राहा हं ताई,’’ असे म्हणून ती पट्ट्यात हवा भरत गेली. आवाज दबत दबत गेला आणि काटा १७० वर पोहोचला तेव्हा पूर्ण थांबला. तिने तो आकडा वहीत लिहिला, लगेच सगळी हवा सोडली, आणि व्यायामासाठी पट्टा पुन्हा फुगवला तो मात्र १०२ पर्यंतच.

या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, त्यात या व्यायामप्रकाराचे सगळे मर्म आहे. १७० वर धमनी पूर्ण बंद होते; १०२ वर, म्हणजे त्याच्या ६० टक्क्यांवर, रक्त पायात येत राहते, पण कमी येते, आणि परत जाताना अडते. याला इंग्रजी आद्याक्षरांवरून बीएफआर म्हणतात. रक्तप्रवाह मर्यादित ठेवून, हलक्या वजनाने केलेला व्यायाम असा त्याचा साधा अर्थ. एरवी स्नायू वाढवायचे आणि ताकद कमवायची, तर आपण एका वेळी जास्तीत जास्त जेवढे वजन उचलू शकतो त्याच्या सुमारे ७० टक्के वजन घेऊन व्यायाम करावा, असे सांगितले जाते. पट्टा बांधल्यावर २० ते ४० टक्के वजन पुरते. एवढ्या हलक्या वजनाने स्नायू वाढतोच कसा, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला आणि पुढचे कित्येक आठवडे मी त्याच्या मागे लागले होते.

नवी मुंबईत राहणाऱ्यांना यातली पहिली पायरी चटकन समजेल. आपल्या शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे, म्हणून सिडकोने डच धर्तीवर धारण तलाव बांधले. डोंगराकडून नाल्यांवाटे आलेले पावसाचे पाणी या तलावांत उतरते आणि ओहोटी लागली की खाडीत निघून जाते. भरती आली की खाडीच्या बाजूची एकतर्फी दारे पाण्याच्या रेट्याने मिटतात. वरून येणारे पाणी येतच राहते, बाहेर जाणारे थांबते आणि तलावाची पातळी चढू लागते. पट्टा बांधलेल्या पायाचे असेच होते. धमन्या जाड भिंतीच्या असतात, खोलवर असतात आणि त्यांतले रक्त हृदयाच्या जोराने येत असते, त्यामुळे मध्यम दाबाला त्या पूर्णपणे दबत नाहीत. शिरांच्या भिंती पातळ असतात, त्यांतल्या रक्ताला फारसा जोर नसतो, आणि पट्टा आवळला की आधी त्या मिटतात. परिणामी पट्ट्याच्या खालच्या भागात रक्त साठत जाते, कातडी लालसर होते, शिरा टचटचीत फुगतात आणि पाय आतून भरल्यासारखा वाटतो.

आता या भरलेल्या पायाने व्यायाम सुरू करायचा. माझ्या घोट्याला दीड किलोचे वजन बांधलेले होते आणि उताणे झोपून पाय सरळ ठेवून उचलायचा होता. पहिल्या फेरीत ३० वेळा, नंतरच्या तीन फेऱ्यांत प्रत्येकी १५ वेळा, आणि मध्ये फक्त अर्ध्या मिनिटाची विश्रांती, तीही पट्टा न सोडता. पहिले वीस वेळा पाय उचलताना मला हा पोरखेळ वाटला. पंचविसाव्या वेळेपासून मांडीत जळजळ सुरू झाली, तिसऱ्या फेरीत पाय थरथरू लागला आणि चौथ्या फेरीतले शेवटचे पाच वेळा मी दात-ओठ खाऊन पूर्ण केले. दीड किलोने ही दशा व्हावी याचे कारण स्नायूच्या आत आहे.

स्नायूमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू प्राणवायूवर चालतात, लवकर दमत नाहीत, आणि चालणे, उभे राहणे, पिशवी उचलणे अशी रोजची कामे तेच निभावतात. वेगवान तंतू आकाराने मोठे, जोरदार, पण लवकर थकणारे असतात. मज्जासंस्था त्यांना कामाला लावते तीही एका ठरलेल्या क्रमाने: काम हलके असेल तर आधी संथ तंतू, आणि जोर जास्त लागू लागला तरच वेगवान तंतू. म्हणूनच हलक्या वजनाने थोडा वेळ व्यायाम केला तर वेगवान तंतूंपर्यंत पाळी येतच नाही, आणि वाढण्याची क्षमता तर त्यांच्यातच जास्त असते. पट्टा बांधल्यावर स्नायूला मिळणारा प्राणवायू अपुरा पडतो. संथ तंतू लवकर थकतात, वजन तेवढेच असूनही ते उचलण्यासाठी मज्जासंस्थेला आणखी तंतू बोलवावे लागतात, आणि एरवी जड वजनाच्या वेळीच जागे होणारे वेगवान तंतू दीड किलोसाठी कामाला लागतात. हलके वजन न थांबता, अगदी थकेपर्यंत उचलत राहिले तर पट्ट्याशिवायही हेच घडते हे मुद्दाम सांगायला हवे. पट्टा ती अवस्था कितीतरी कमी आवर्तनांत आणतो, आणि दुखऱ्या सांध्याच्या दृष्टीने हाच त्याचा मोठा उपकार आहे.

जळजळीचे कारणही याच्याशी जोडलेले आहे. प्राणवायू कमी पडला की स्नायू साखरेपासून प्राणवायूविना ऊर्जा मिळवण्यावर अधिक भर देतो, त्या क्रियेत लॅक्टेट तयार होते, आम्लता वाढते, फॉस्फेट साठते. एरवी हे सगळे रक्ताबरोबर वाहून जाते. येथे परतीची वाट अडलेली असल्याने ते तिथेच साठून राहते आणि स्नायूतल्या बारीक संवेदी चेतातंतूंना सतत चिथावत राहते. या साठलेल्या पदार्थांमुळे आकुंचनाचा जोरही घटतो, म्हणजे थकवा आणखी वाढतो, आणि अर्थातच आणखी तंतूंना पाचारण होते. साठलेल्या रक्तातला द्रव पेशींमध्ये शिरून त्या फुगतात, आणि पेशीचे हे फुगणेही वाढीचा इशारा ठरत असावे असे अनेक अभ्यासक मानतात.

इशारा मिळाल्यावर स्नायू खरोखर नवी प्रथिने बांधू लागतो का, हे मोजून पाहिलेले आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांनी आपल्या कमाल क्षमतेच्या अवघ्या २० टक्के वजनाने, मांडीला पट्टा बांधून, पाय सरळ करण्याचा व्यायाम केला. तीन तासांनी त्यांच्या मांडीच्या स्नायूतला प्रथिने बांधण्याचा वेग ४६ टक्क्यांनी वाढलेला आढळला. तोच व्यायाम पट्ट्याविना केला तेव्हा अशी वाढ दिसली नाही. नंतर, २०१० साली, सत्तरीच्या आसपासच्या पुरुषांवर असाच प्रयोग झाला आणि त्यांच्यातही ५६ टक्के वाढ नोंदवली गेली. मला हा दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो, कारण वय वाढले की व्यायामाला मिळणारा स्नायूचा प्रतिसाद मंदावतो आणि नेमके याच वयात जड वजने उचलणे अनेकांना झेपत नाही.

ग्रोथ हार्मोनबद्दल मात्र सावध राहावे. २००० सालच्या एका जपानी अभ्यासात पट्टा बांधून केलेल्या व्यायामानंतर रक्तातले हे संप्रेरक विश्रांतीच्या पातळीच्या सुमारे २९० पट झाल्याचे आढळले, आणि हा आकडा आजही जाहिरातींमध्ये मिरवला जातो. पण व्यायामानंतर थोड्या वेळापुरता येणारा संप्रेरकाचा असा उसळा स्नायूच्या वाढीला फारसा हातभार लावत नाही, असेच आता बहुतेक अभ्यासक मानतात. वाढ होते ती स्नायूच्या आत घडणाऱ्या घडामोडींमुळे.

परिणाम पट्ट्याखालच्या पायापुरते थांबत नाहीत. पायात रक्त साठले की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. दर ठोक्याला हृदय कमी रक्त बाहेर टाकते आणि ती तूट भरून काढण्यासाठी ठोके वाढवते. दुसरीकडे, आम्लतेने चिथावलेले स्नायूतले चेतातंतू मेंदूकडे तक्रार पाठवत असतात आणि त्याला उत्तर म्हणून रक्तदाब चढतो. म्हणून तोच हलका व्यायाम पट्ट्याविना केला तर जेवढे बीपी वाढेल, त्यापेक्षा ते पट्ट्यासह जास्त वाढते. वजन हलके आहे म्हणून हृदयावरचा भारही हलकाच असेल, हा समज चुकीचा आहे आणि ज्यांचे बीपी आटोक्यात नाही त्यांच्यासाठी तो घातक ठरू शकतो.

मग पट्टा सुटतो. तो क्षण अनुभवल्याशिवाय कळत नाही: पायात ऊब पसरते, टाचेपर्यंत काहीतरी सळसळत गेल्यासारखे वाटते आणि जळजळ अर्ध्या मिनिटात ओसरते. ओहोटी लागून दारे उघडावीत तसे साठलेले रक्त निघून जाते आणि धमन्यांतून ताज्या रक्ताचा लोंढा येतो. या लोंढ्याच्या घर्षणाने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि वाहिन्या रुंदावतात. प्राणवायूची टंचाई आणि नंतरचा हा लोंढा या दोन्हींमुळे नव्या केशवाहिन्या फुटण्यासाठी लागणारे घटकही वाढतात.

ही कल्पना प्रयोगशाळेत जन्मली नाही. जपानमधल्या योशिआकी सातो यांना ती १९६६ साली एका बौद्ध विधीच्या वेळी सुचली. जपानी रिवाजाप्रमाणे पाय दुमडून, टाचांवर बसून बराच वेळ गेल्यावर त्यांच्या पोटऱ्या बधिर झाल्या. त्या चोळताना त्यांच्या लक्षात आले की ही भरल्यासारखी जाणीव पोटऱ्यांचा कसून व्यायाम केल्यावर येते तशीच आहे. आपल्याकडे सत्यनारायणाच्या पूजेला तासभर मांडी घालून बसलेल्या कोणालाही ही जाणीव परिचित असेल. सातो त्यानंतर कित्येक वर्षे वेगवेगळे पट्टे आणि वेगवेगळे दाब स्वतःवर अजमावत राहिले, आणि १९७३ साली स्कीइंग करताना घोट्याला आणि गुडघ्याला जबर दुखापत झाली तेव्हा प्लास्टरमधल्या पायावरही त्यांनी तोच प्रयोग केला. या पद्धतीला त्यांनी काआत्सु हे नाव दिले. त्याचा अर्थ वाढीव दाब.

माझ्यासारख्यांना याचा सर्वात जास्त उपयोग आहे. शस्त्रक्रियेनंतर मांडीचा स्नायू फार वेगाने झिजतो, गुडघ्याची सूज त्याला नीट आकुंचन पावू देत नाही, आणि नव्याने बसवलेल्या लिगामेंटवर जड वजनाचा ताण टाकता येत नाही. स्नायूला जड काम हवे आणि सांध्याला हलके हवे, या पेचातून पट्टा वाट काढतो. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन आठवड्यांत कोणताही व्यायाम न करता, दिवसातून दोनदा पट्टा थोडा वेळ फुगवून सोडण्याचा क्रम जपानी संशोधकांनी २००० साली तपासला होता. पट्टा न वापरलेल्या रुग्णांमध्ये मांडीच्या पुढच्या स्नायूंचा आकार सरासरी २०.७ टक्क्यांनी घटला, तर पट्टा वापरलेल्यांमध्ये ९.४ टक्क्यांनी. स्नायू काहीच करत नसतानाही झीज निम्म्याहून कमी व्हावी, हे वाचून मी थक्क झाले.

चालण्याचा प्रयोग तर त्याहून साधा आहे. २००६ सालच्या एका अभ्यासात तरुण पुरुष मांड्यांना पट्टे बांधून मिनिटाला ५० मीटर, म्हणजे ताशी अवघ्या ३ किलोमीटर वेगाने, दोन-दोन मिनिटांच्या पाच फेऱ्या दिवसातून दोनदा चालले. तीन आठवड्यांत त्यांच्या मांडीच्या स्नायूंचा आकार ४ ते ७ टक्क्यांनी वाढला. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाभोवती संध्याकाळी रमतगमत फिरणारी ज्येष्ठ मंडळी साधारण याच वेगाने चालतात, आणि एवढ्या चालण्याने एरवी स्नायू वाढत नाही. याचा अर्थ आजी-आजोबांनी उद्यापासून मांड्यांना दोऱ्या बांधून फिरावे असा अजिबात नाही. योग्य देखरेखीखाली किती हलके काम पुरेसे ठरू शकते, एवढेच यातून घ्यावे.

तरुण आणि धडधाकट माणसाला याची गरज आहे का, असे मला बरेच जण विचारतात. आकाराच्या बाबतीत पट्ट्यासह हलके वजन आणि पट्ट्याविना जड वजन यांचे परिणाम जवळजवळ सारखे येतात, पण ताकदीच्या बाबतीत जड वजनच सरस ठरते. ताकद स्नायूच्या आकारात असते तितकीच मज्जासंस्थेच्या सरावात असते, आणि जड वजन उचलण्याचा सराव जड वजनानेच होतो. ज्याचे सांधे ठणठणीत आहेत त्याने आपला नेहमीचा व्यायाम सोडून पट्ट्याच्या मागे लागावे असे मला वाटत नाही. स्पर्धेच्या काळात किंवा किरकोळ दुखापतीत सांध्यांना विसावा द्यायचा असेल तर त्याचा उपयोग आहे.

दाब मोजण्यावर मी एवढा भर का देते, ते ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या भाच्यामुळे. वीस वर्षांचा हा मुलगा एका जिममध्ये जातो. तिथल्या प्रशिक्षकाने त्याच्या दोन्ही दंडांना गुडघ्याला गुंडाळायची लवचीक पट्टी करकचून बांधली आणि ‘दुखेल तेवढे चांगले’ असे सांगून डंबेल हातात दिले. रात्री तो माझ्याकडे आला तेव्हा दंडावर बोटभर रुंदीचा काळानिळा वळ होता आणि करंगळीला अजून मुंग्या येत होत्या. ‘‘मावशी, तुलाही असेच बांधतात ना?’’ असे त्याने विचारले तेव्हा मला खरोखर भीती वाटली, कारण बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. त्याच्या दंडावर किती दाब पडत होता हे त्या प्रशिक्षकालाही ठाऊक नव्हते. धमनी कोणत्या दाबाला बंद होते हे माणसागणिक बदलते. मांडीचा किंवा दंडाचा घेर जास्त असेल तर जास्त दाब लागतो, स्वतःचे बीपी जास्त असेल तर जास्त लागतो, आणि पट्टा रुंद असेल तर कमी लागतो. अरुंद पट्टी तेवढाच अडथळा आणण्यासाठी फार घट्ट बांधावी लागते आणि तो सगळा ताण चिंचोळ्या जागेतल्या चेतातंतूंवर आणि कातडीवर येतो. म्हणून आधी धमनी बंद होण्याचा दाब मोजायचा आणि त्याच्या ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यानच पट्टा ठेवायचा, ही पद्धत आता सर्वमान्य झाली आहे. मुंग्या येणे, बोटे निळी किंवा पांढरी पडणे, आणि जळजळीपेक्षा वेगळी, टोचल्यासारखी वेदना होणे, यांपैकी काहीही झाले तर हवा तत्काळ सोडायची असते. पट्टा बांधायचा तो दंडाच्या किंवा मांडीच्या वरच्या टोकालाच. कोपर आणि गुडघ्याखाली चेतातंतू कातडीच्या जवळून जातात, तिथे तो कधीही बांधू नये.

धोके किती, याचा एक मोठा अंदाज जपानमधून मिळतो. तेथील केंद्रांचे सर्वेक्षण २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात हा व्यायाम करणाऱ्या सुमारे १२,६०० जणांची माहिती होती. कातडीखाली रक्त साकळण्याचे प्रमाण १३.१ टक्के, तात्पुरत्या बधिरतेचे १.३ टक्के, शिरेत गुठळी होण्याचे ०.०५५ टक्के आणि ती फुप्फुसात जाण्याचे ०.००८ टक्के होते. स्नायू प्रमाणाबाहेर विघटित होऊन मूत्रपिंडांवर ताण येण्याचे प्रकारही अत्यल्प प्रमाणात घडले. पूर्वी शिरेत गुठळी झालेली असणे, मोठ्या व्हेरिकोज व्हेन्स, आटोक्यात नसलेले बीपी, पायांच्या धमन्यांचा आजार, सिकलसेल, गर्भारपण, डायलिसिससाठी हातात केलेला फिस्ट्युला, किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिका गाठी काढलेल्या असणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्ट्याला हात लावू नये. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनीही ही खबरदारी घ्यायला हवी, कारण पट्टा जास्त आवळला गेला तर ते त्यांना कळणारच नाही.

माझा क्रम आठवड्यातून तीन दिवसांचा होता. एका व्यायामाच्या चार फेऱ्या झाल्या की पट्टा पूर्ण सोडायचा, थोडे थांबायचे आणि मगच पुढचा व्यायाम. एका वेळी पट्टा पाच ते सात मिनिटांपेक्षा जास्त फुगलेला राहत नसे. पाचव्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने टेपने मांडीचा घेर घेतला, तो दीड सेंटिमीटरने वाढला होता. मला वाटले आता ती शाबासकी देईल, पण तिने पुन्हा जेलची बाटली उघडली. ‘‘मांडी भरली ना ताई, जुना आकडा आता चालायचा नाही,’’ असे म्हणून तिने डॉप्लर घोट्यावर टेकवला. या वेळी आवाज १८२ वर थांबला, आणि त्या दिवसापासून माझा पट्टा १०९ वर फुगवला जाऊ लागला.